वीज साठवणारे प्लास्टिक आणि थकलेली फेलोशिप

प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, म्हणून तर विजेच्या तारेवर प्लास्टिकचे वेष्टण असते. हा समज १९७७ साली मोडीत निघाला. हीगर, मॅकडिआर्मिड आणि शिराकावा यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीनवर आयोडीनची प्रक्रिया करून ते विद्युतवाहक बनवले. २००० साली त्यांना नोबेल मिळाले.

याच कुळातले पॉलिअ‍ॅनिलिन गिरणगाव सोलापूरला परके नाही. सुतावर पक्का बसणारा 'अ‍ॅनिलिन ब्लॅक' हा काळा रंग त्याचाच भाऊबंद. सोलापूर विद्यापीठात पॉलिअ‍ॅनिलिनच्या वायू ओळखणाऱ्या सेन्सरवर संशोधन झाले आहे. जगभरात याच पदार्थापासून सुपरकपॅसिटर बनवण्याची धडपड चालू आहे. सुपरकपॅसिटर बॅटरीपेक्षा वीज कमी साठवतो, पण फार लवकर भरतो. अडचण एकच. भरताना-रिकामा होताना हा पदार्थ फुगतो, आकसतो आणि शेवटी तडकतो. म्हणून त्यात कार्बन मिसळून पुन्हा पुन्हा प्रयोग करावे लागतात. हे काम वर्षानुवर्षांचे आहे.

ही वर्षे कोणाला परवडतात? ज्याच्या घरी दोन पिढ्यांचा पगार आहे, त्याला. विडी वळणाऱ्या आईच्या मुलीला फेलोशिपच हवी. ती थांबली की प्रयोगही थांबतो!

बाबासाहेबांनी हे केव्हाच ओळखले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना विजेचे धोरण त्यांच्याच खात्याकडे होते. १९४२ च्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या विज्ञान-तंत्रज्ञान शिक्षणासाठी सरकारकडे शिष्यवृत्त्या मागितल्या. केवळ कारकून होऊन समाज वर येत नाही, हे ते जाणत होते. आणि आज? बार्टीच्या २०२१ च्या तुकडीतील संशोधकांना फेलोशिपसाठी २०२३ मध्ये आझाद मैदानावर धरणे धरावे लागले. ज्या हातांनी परीक्षानळी धरायची, त्या हातांत फलक आले!

संविधानाचे कलम ४६ सांगते की, अनुसूचित जाती-जमातींचे शैक्षणिक हित राज्याने विशेष काळजीने जपावे. कलम ३७ नुसार ते न्यायालयामार्फत अमलात आणता येत नाही, पण राज्यकारभारात ते मूलभूत मानले आहे. म्हणजेच त्याची अंमलबजावणी करून घेण्याची जबाबदारी आपल्या संघटनेवर आणि मतावर येते.

आमची मागणी साधी आहे. फेलोशिप दरमहा, ठरल्या तारखेला मिळावी. समाजालाही आमचे सांगणे आहे : जयंतीच्या वर्गणीतला काही वाटा विज्ञान शाखेच्या मुला-मुलींसाठी काढा. गिरण्यांच्या काळात आपण मजूर होतो. उद्याच्या ऊर्जेच्या कारखान्यातही मजूरच राहायचे का?

जय भीम!