जॉइंट अकाउंटचं व्याज भलत्याच पॅनवर दिसतंय? मग कर नेमका कोणी भरायचा?

वारजे माळवाडीच्या सोसायट्यांमध्ये एक गोष्ट सर्रास दिसते. आईवडील निवृत्त आणि मुलगा किंवा मुलगी हिंजवडीला नोकरीला. पेन्शन, ग्रॅच्युइटी किंवा गावाकडची जमीन विकून आलेले पैसे बँकेत ठेवलेले. ओटीपी आणि नेट बँकिंगची कटकट नको म्हणून खातं दोघांच्या नावावर काढलं जातं. फॉर्मवर मोबाईल नंबर मुलाचा, म्हणून पहिलं नावही मुलाचंच लागतं.

तेव्हा कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. प्रश्न पडतो तो रिटर्न भरताना. पैसे आईचे, पण व्याज मुलाच्या पॅनवर दिसतं. असं का होतं आणि ते दुरुस्त कसं करायचं?

हा आकडा येतो कुठून?

आयकर विभागाने नोव्हेंबर २०२१ मध्ये एआयएस म्हणजे वार्षिक माहिती विवरणपत्र सुरू केलं. पगार, व्याज, लाभांश, शेअर्सची विक्री अशी वर्षभरातली बरीचशी माहिती त्यात एकत्र दिसते. त्याच वर्षी मार्चमध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार बँकांनी खातेदारांच्या व्याजाची माहिती विभागाला देणं बंधनकारक झालं.

अडचण इथेच आहे. खात्यावर नावं दोन असली तरी व्याजाचा आकडा साधारणपणे पहिल्या नावाच्या पॅनवर चढतो. त्या खात्यात पैसे कोणी टाकले, याचा हिशेब बँक ठेवत नाही. तिच्या दृष्टीने पहिलं नाव म्हणजे मुख्य खातेदार.

मग कर पहिल्या नावालाच लागतो का?

नाही. खात्यावर कोणाचं नाव आधी आहे, यावर कर ठरत नाही. पैसा खरोखर कोणाचा आहे, यावर ठरतो. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ ही सोय खातं कोणी चालवायचं, एवढ्यापुरतीच असते. नॉमिनीचाही कराशी संबंध नाही.

दोघांनी पैसे टाकले असतील, तर व्याज त्याच प्रमाणात विभागायचं. सगळे पैसे एकाचे असतील, तर सगळं व्याज त्याचंच.

पण एवढ्याने फरक काय पडतो?

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आईचं वय ६७, मुलगा ३० टक्क्यांच्या टप्प्यात. आईच्या पैशांवर २०२५-२६ मध्ये बचत खात्यात २४,००० रुपये व्याज जमा झालं, पण दिसलं मुलाच्या पॅनवर. नव्या करप्रणालीत मुलाने ते मुकाट्याने स्वतःचं उत्पन्न म्हणून दाखवलं, तर ७,२०० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे एकूण ७,४८८ रुपये गेले.

तेच व्याज आईच्या रिटर्नमध्ये दाखवलं तर? जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ नागरिकांना कलम ८०टीटीबीखाली ५०,००० रुपयांपर्यंतच्या व्याजावर वजावट मिळते, त्यात हे २४,००० बसून जातात. नव्या प्रणालीत ही वजावट नाही. पण पेन्शन आणि व्याजासह तिचं करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल, तर करसवलतीमुळे कर शून्य होतो.

मुलाने तो आकडा सोडूनच दिला तर?

बरेच जण हेच करतात आणि इथेच अडकतात. एआयएसमध्ये व्याज दिसतंय पण रिटर्नमध्ये नाही, ही तफावत संगणकाला लगेच कळते. २६ फेब्रुवारी २०२४ ला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने याच विषयावर प्रसिद्धीपत्रक काढलं होतं. बँकांसारख्या संस्थांकडून आलेली व्याज आणि लाभांशाची माहिती काही करदात्यांच्या रिटर्नशी जुळत नाही, असं त्यात म्हटलं होतं. २०२१-२२ आणि २०२२-२३ या वर्षांसाठी अशा करदात्यांकडून पोर्टलवरच खुलासा मागवण्यात आला.

म्हणजे आईने व्याज दाखवून कर भरला, तरी मुलाच्या पॅनवरची नोंद तशीच राहते. ती त्यालाच दुरुस्त करावी लागते.

दुरुस्ती कशी करायची?

सगळं काम ऑनलाइन होतं. आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर लॉग-इन करून एआयएस उघडायचं. बचत खात्याचं व्याज ‘एसएफटी इन्फॉर्मेशन’ या भागात सापडतं. चुकीच्या नोंदीसमोर फीडबॅकचा पर्याय असतो.

• सगळं व्याज दुसऱ्याचं असेल, तर ‘इन्फॉर्मेशन रिलेट्स टू अदर पॅन/इयर’ हा पर्याय. इथे आईचा पॅन द्यायचा.
• काही भागच आपला असेल, तर ‘इन्फॉर्मेशन इज नॉट फुली करेक्ट’ निवडून बरोबर रक्कम भरायची.
• तीच नोंद दोनदा आली असेल, तर ‘डुप्लिकेट’चा पर्याय.

फीडबॅक दिल्यावर मिळणारी पोच जपून ठेवायची. हे झाल्यावर आईने तेवढंच व्याज स्वतःच्या रिटर्नमध्ये दाखवायला विसरायचं नाही.

फीडबॅक दिला की काम संपलं?

तसंही नाही. तो विभागाकडून बँकेकडे पडताळणीसाठी जाऊ शकतो. बँक दुरुस्ती मान्य करू शकते, अंशतः मान्य करू शकते किंवा फेटाळू शकते. बँकेने काय उत्तर दिलं, हे मे २०२४ पासून एआयएसमध्येच दिसू लागलं आहे.

बँकेने नकार दिला, तर मदतीला येतात कागद. पेन्शन कोणत्या खात्यात आली, जमिनीच्या व्यवहाराचे पैसे कुठून कुठे गेले, हे दाखवणारी स्टेटमेंट्स जवळ हवीत. ‘पैसे आईचे आहेत’ एवढं तोंडी सांगून भागत नाही.

एफडी असेल तर?

तिथे टीडीएसचा प्रश्न येतो. एप्रिल २०२५ पासून बँकेतल्या व्याजावर वर्षाला ५०,००० रुपयांपर्यंत, तर ज्येष्ठांना १ लाखापर्यंत टीडीएस कापला जात नाही. एफडीवर पहिलं नाव मुलाचं असेल, तर ज्येष्ठांची ही वाढीव मर्यादाही हुकते आणि कापलेला कर मुलाच्या पॅनवर जमा होतो. आयकर नियम ३७बीबी नव्हे, तर ३७बीए यासाठी आहे. त्यानुसार व्याज दुसऱ्याचं असल्याचं घोषणापत्र बँकेला दिलं, तर टीडीएस खऱ्या मालकाच्या पॅनवर दाखवता येतो.

एक पळवाट, जी चालत नाही

कर वाचवण्यासाठी स्वतःचं व्याज घरातल्या कमी उत्पन्नाच्या माणसाच्या पॅनवर ढकलायचा मोह होऊ शकतो. विशेषतः पती-पत्नीच्या खात्यात. पण नवऱ्याने बायकोला पैसे भेट दिले आणि त्यावर व्याज मिळालं, तर कलम ६४ नुसार ते नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. बायकोने दिले तर तिच्या. फीडबॅकची सोय चूक सुधारण्यासाठी आहे. त्यात खोटी माहिती भरली, तर उत्तर द्यायची वेळ भरणाऱ्यावरच येते.

दरवर्षीची कटकट टाळायची तर

शाखेत दोघांच्या सहीचा अर्ज देऊन नावांचा क्रम बदलून मागता येतो. ज्याचे पैसे, त्याचं नाव पहिलं. एफडीच्या बाबतीत मुदत संपल्यावर नवी काढताना हे करणं सोपं जातं. मोबाईल नंबर, नेट बँकिंग आणि सहीचा अधिकार या सोयी दुसऱ्या नावाने राहूनही मिळू शकतात का, हे शाखेत विचारून घ्यावं. आणि रिटर्न भरण्याआधी घरातल्या प्रत्येकाचं एआयएस एकदा उघडून पाहावं. ज्या आजी-आजोबांनी आजवर रिटर्न भरलेलंच नाही, त्यांचंही.