झोका, खिडकी आणि पाऊस

लघुपट करणाऱ्यांना प्रेमकथेइतका जवळचा विषय दुसरा नाही. गेली काही वर्षं असे लघुपट पाहताना एक गोष्ट वारंवार खटकते. कॅमेरा चांगला असतो, लेन्स महागाची असते, ग्रेडिंग नेटकं असतं. पण ती दोघं एकमेकांत गुंतली आहेत हे आपल्याला पियानोच सांगतो. चित्रीकरणात हाती लागलं नाही ते स्लो मोशन आणि पार्श्वसंगीत टाकून एडिटवर भरून काढायचं, अशी सवय आपल्याला जडली आहे. ती सोडायची असेल तर ज्याँ रेन्वारचा ‘पार्ती द कांपान्य’ एकेका शॉटवर थांबून पाहावा, असा आमचा आग्रह आहे.

मोपासाँच्या कथेवरचा हा अवघ्या चाळीस मिनिटांचा चित्रपट. १८६० सालचा उन्हाळा. पॅरिसचा एक दुकानदार रविवारी बायको, सासू, मुलगी आँरिएत आणि तिचा नियोजित नवरा आनातोल यांना घेऊन नदीकाठच्या खानावळीत सहलीला येतो. तिथे नाव वल्हवणारे दोन तरुण भेटतात. त्यातल्या आँरीबरोबर आँरिएत नदीतल्या बेटावर जाते. पुढे काही वर्षांनी त्याच जागी दोघांची क्षणभर गाठ पडते. बस, एवढंच कथानक.

खिडकीचा शॉट आधी पाहा. खानावळीच्या अंधारलेल्या खोलीत दोघे मित्र कंटाळून बसले आहेत. एक जण उठून खिडकीच्या झडपा ढकलतो आणि सगळी बाग एकदम आत येते. मधोमध आँरिएत झोक्यावर उभी राहून झोके घेते आहे. शॉट कापलेला नाही. पाहणारे, खिडकीची चौकट आणि दूरवरची मुलगी एकाच फ्रेममध्ये आहेत. आपण एरवी काय करतो? मुलाचा क्लोजअप, मुलीचा क्लोजअप, पुन्हा मुलाचा. त्यात दोघांमधलं अंतर हरवतं आणि अंतर नसेल तर ओढ कुठून दिसणार? काळोखी खोली आणि उन्हातली बाग एकाच शॉटमध्ये सांभाळणं सोपं नाही, हे कॅमेरा चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. छायाचित्रकार होता रेन्वारचा पुतण्या क्लोद.

मग कॅमेरा झोक्यापाशी जातो आणि तिच्याबरोबर झुलतो. तिचा चेहरा फ्रेममध्ये राहतो, मागचं आभाळ आणि झाडं हलत राहतात. आता आपण तिला बाहेरून न्याहाळत नाही. तिला मिळालेला मोकळेपणा आपल्याही अंगात येतो. रेन्वारने लगेच कुंपणाआडून पाहणारी पोरंही दाखवली आहेत. तिचा आनंद तिचा एकटीचा आहे आणि तो पाहणाऱ्यांच्या नजरा वेगळ्या आहेत, हे दोन्ही त्याला एकाच प्रसंगात सांगायचं होतं.

या झोक्याचा धागा आपल्याकडेही येतो. रेन्वार ‘द रिव्हर’साठी कोलकात्याला आला तेव्हा सत्यजित राय त्याला भेटले. कॅमेरा अर्थात क्लोदचाच होता आणि सेटवर त्याचं काम बारकाईने पाहणाऱ्यांत तरुण सुब्रत मित्र होते. रायांच्या १९६४च्या ‘चारुलता’मध्ये चारु झालेल्या माधवी मुखर्जींचा चेहरा स्थिर आणि मागची बाग झुलती ठेवणारा कॅमेरा याच मित्रांचा. उसना शॉट म्हणून याकडे पाहू नका. चारुच्या मनात काय घडतं आहे हे ओळखून ते तंत्र तिथे आलं आहे.

चित्रपटाचा कळस बेटावर आहे. झाडीतल्या पक्ष्याचं गाणं दोघं ऐकतात, तो जवळ येतो, ती त्याला दूर सारते, तो पुन्हा जवळ येतो आणि शेवटी ती विरोध सोडते. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नायिकेच्या नकारावर मात करून प्रेम सिद्ध करणारी ही मांडणी आज कोणीही उचलू नये. पण त्यानंतरचा क्लोजअप मात्र अभ्यासण्यासारखा आहे. आँरिएत झालेल्या सिल्विया बातायचा चेहरा पडदाभर येतो, डोळ्यांत पाणी असतं, आणि त्या चेहऱ्यावर सुख आहे की हानी याचा निवाडा दिग्दर्शक करत नाही. इतका जवळचा शॉट त्याने इथवर जपून ठेवला, म्हणूनच तो इतका लागतो. पहिल्याच मिनिटाला डोळ्यांचा एक्स्ट्रीम क्लोजअप लावणाऱ्यांकडे कळसासाठी काय उरतं?

त्यापुढे माणसं नाहीत. ढग दाटतात, लव्हाळी वाऱ्याने वाकतात, नदीवर पाऊस कोसळतो आणि कॅमेरा त्या पाण्यावरून वेगाने मागे जातो. बेट दूर जातं, वर्षं निघून जातात. हा पाऊस मूळ पटकथेत नव्हता. १९३६च्या उन्हाळ्यात लख्ख उन्हाच्या भरवशावर युनिट लोइंग नदीकाठी गेलं आणि पावसाने शेड्यूल कोलमडलं. रेन्वारने पाऊस थांबायची वाट पाहण्याऐवजी त्यालाच कथेत घेतलं. कोकणात किंवा मावळात जूनमध्ये अडकलेल्या आपल्या किती युनिट्सनी नुसती कंटिन्युइटी बिघडली म्हणून हळहळ केली असेल!

काम अर्धवट टाकून रेन्वार पुढच्या चित्रपटाकडे वळला. चित्रपट प्रदर्शित झाला तो थेट १९४६मध्ये, रेन्वार अमेरिकेत असताना. संकलन मार्गरीत रेन्वारने केलं. न चित्रित झालेल्या प्रसंगांच्या जागी दोन पाट्या आल्या आणि जोसेफ कोस्माचं संगीतही तेव्हाच चढलं. संगीत सुरेख आहे. पण झोका, खिडकी आणि नदीवरचा पाऊस दहा वर्षं त्याच्याविना फिल्मवर होतेच, आणि भावना तिथे आधीच पुरी उतरली होती. आवाज बंद करून हे तुकडे लावा, लगेच पटेल.

तीच कसोटी आपल्या कामाला लावावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या प्रेमकथेच्या रफ कटमधून पार्श्वसंगीत काढा, स्लो मोशन मूळ गतीला आणा आणि युनिटबाहेरच्या माणसाला दाखवा. दोघांमधलं नातं त्याला नेमकं कोणत्या शॉटला जाणवलं ते विचारा. तो शॉट कसा घेतला, लेन्स कोणती होती, कॅमेरा कुठे होता आणि जाणवलंच नसेल तर काय राहून गेलं, हे लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात या टिपणांना जागा राखून ठेवली आहे. संकलकांनी जरूर लिहावं, कारण चित्रीकरणात काय निसटलं हे सर्वांत आधी त्यांनाच कळतं.