विमाने आहेत, सुटे भाग कुठे?

लेह आणि थॉईसच्या धावपट्ट्यांवर हवाई दलाची मालवाहू विमाने शिधा, इंधन व दारूगोळा उतरवतात. तोच पुढे हेलिकॉप्टरने सियाचिनच्या चौक्यांवर जातो. हिवाळ्यात हिमवृष्टीने खिंडी बंद झाल्या की आकाशाखेरीज मार्ग उरत नाही. ही जीवनवाहिनी किती भक्कम आहे, याचे उत्तर विमानांच्या संख्येत नव्हे, तर सुट्या भागांच्या गोदामांत दडले आहे. संसदेत मात्र त्यावर क्वचितच कोणी बोलतो.

एएन-३२ चेच उदाहरण घ्या. सोव्हिएत काळात, १९८४ पासून, ही विमाने भारतात येऊ लागली. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विघटित झाला आणि त्यांचा निर्माता स्वतंत्र युक्रेनमध्ये राहिला. २००९ मध्ये शंभराहून अधिक विमानांच्या आधुनिकीकरणाचा सुमारे ४० कोटी डॉलरचा करार झाला. ४० विमाने युक्रेनमध्ये, तर उर्वरित कानपूरच्या दुरुस्ती आगारात अद्ययावत व्हायची होती. कानपूरचे काम युक्रेनहून येणाऱ्या भागांवर अवलंबून होते. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, दोन्ही देशांतील औद्योगिक संबंध तुटले आणि कानपूरचे वेळापत्रक कोलमडले.

त्याची किंमत कोण मोजतो? ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाकडे निघालेले एएन-३२ कोसळून १३ जण मृत्युमुखी पडले. त्या विमानाचे आधुनिकीकरण झालेले नव्हते. अपघाताचे कारण तेच होते, असे म्हणणे घाईचे ठरेल. परंतु आधुनिकीकरणाचा करार होऊन दशक लोटल्यावरही जुनीच विमाने त्या दऱ्यांत पाठवावी लागत होती, हे नाकारता येत नाही.

आयएल-७६ ची कथाही निराळी नाही. २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या ‘कॅग’च्या अहवालानुसार, २०१० ते २०१६ या काळात या विमानांची उड्डाणसज्जता सरासरी ३८ टक्के होती, अपेक्षा ७० टक्क्यांची होती. म्हणजे कागदावरच्या दर तीन विमानांपैकी जेमतेम एक हाताशी होते. अमेरिकी सी-१७ आणि सी-१३० जे आल्याने हवाई दलाला बळ मिळाले आणि २०२० च्या गलवान संघर्षानंतर लडाखमध्ये वेगाने कुमक पोहोचली. पण परावलंबन संपले नाही, त्याचा पत्ता तेवढा बदलला.

सप्टेंबर २०२१ मध्ये ५६ सी-२९५ विमानांचा करार झाला. त्यांपैकी ४० वडोदऱ्यात बनणार. प्रकल्प नागपूरऐवजी गुजरातेत का, यावर २०२२ मध्ये महाराष्ट्रात राजकीय धुरळा उडाला. इंजिने कॅनेडियन कंपनीची आहेत, तेव्हा त्यांच्या भागांची हमी किती वर्षांची, हा प्रश्न त्या धुरळ्यात हरवला. शिवाय सी-२९५ हे जुन्या अॅव्हरो विमानांची जागा घेण्यासाठी आहे. १८ ते ३० टन क्षमतेच्या विमानासाठी हवाई दलाने उत्पादकांकडून माहिती मागवली ती डिसेंबर २०२२ मध्ये. तोवर एएन-३२ वरचा भार कायमच होता.

यातली मेख अर्थसंकल्पात आहे. नवे विमान भांडवली खर्चात येते आणि मथळा मिळवते. सुटे भाग महसुली खर्चात जातात आणि काटकसरीची कात्री तिथे सहज चालते. संरक्षणविषयक स्थायी समितीने प्रत्येक ताफ्याच्या उड्डाणसज्जतेचा वार्षिक हिशेब मागावा. गोपनीय आकडे बंद दाराआड तपासता येतील. विमान का उडाले नाही, हे अपघातानंतर विचारण्यापेक्षा अर्थसंकल्प मंजूर करताना विचारणे, हेच संसदेचे काम आहे.