अद्भुताचे अंदाजपत्रक

अद्भुतरम्य कादंबरी लिहू इच्छिणाऱ्या तरुणांना आजकाल सल्ल्यांची वाण नाही. आधी जगाचा नकाशा काढा, राजघराण्यांच्या वंशावळी ठरवा, मंत्रविद्येचे नियम लिहून काढा आणि मगच कथेला हात घाला, हा त्यांतील सर्वांत प्रचलित सल्ला. बडनेऱ्यातील एका विद्यार्थ्याने तो तंतोतंत पाळला. दोन वर्षांत चार वह्या भरल्या. नद्या, नाणी, बारा राजवंश, सारे सिद्ध झाले. कथेचे मात्र एकही पान नाही. हा सल्ला त्याला देणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही होता, हे प्रारंभीच कबूल केलेले बरे. अर्थशास्त्राच्या शिक्षकाला नियोजनाचा मोह सहसा सुटत नाही!

या मताच्या पुष्ट्यर्थ टोल्कीनचे नाव घेतले जाते. भाषा आणि दंतकथा रचणे हा त्याचा अनेक वर्षांचा व्यासंग होता, हे खरे. परंतु १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हॉबिट’चे पहिले वाक्य त्याने उत्तरपत्रिका तपासताना आढळलेल्या एका कोऱ्या पानावर लिहिले, आणि हॉबिट म्हणजे काय हे तेव्हा आपल्यालाच ठाऊक नव्हते, असे त्यानेच सांगून ठेवले आहे. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी यांच्या ‘रमलखुणा’तील (१९७५) ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’ या दीर्घकथा कोणत्याही ज्ञात देशात घडत नाहीत. तथापि नकाशावाचून वाचकाचे काही अडत नाही.

जादूला किंमत असावी, हा दुसरा सल्ला मात्र मला पूर्णतः मान्य आहे. जे फुकट आणि अमर्याद मिळते, तेथे निवड करावी लागत नाही. आणि निवड नाही तेथे माणसाचा स्वभाव कळत नाही. ‘मुक्तामाला’च्या (१८६१) वळणाने गेलेल्या आपल्या जुन्या अद्भुत कादंबऱ्यांत योगायोग असेच फुकट वाटले गेले. उलट सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तील गुणाढ्य पाहा. सातवाहन राजाला सहा वर्षांत व्याकरण शिकवीन, असे तो म्हणतो. शर्ववर्मा सहा महिन्यांची प्रतिज्ञा करतो. पैज हरताच गुणाढ्य संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्हींचा त्याग करतो. पुढे पैशाचीत, स्वतःच्या रक्ताने, सात लक्ष श्लोक लिहितो. राजा ते झिडकारतो, तेव्हा पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत एकेक पान तो अग्नीत टाकतो. उरतात एक लक्ष. येथे नियमांचे परिशिष्ट नाही, पण किंमत कोणी मोजली हे लख्ख दिसते.

‘आपल्या मातीतले लिहा’ हा सल्ला अर्धाच खरा. परक्या नावांनी कथा बिघडत नाही. मात्र त्या चार वह्यांतील राज्यांत बारमाही बर्फ पडते आणि सैनिक सुती अंगरखे घालतात. कापूस पिकतो कोठे, हा प्रश्न वऱ्हाडातील वाचकाला पडणारच.

गेल्या महिन्यात त्याला नकाशा घरी ठेवून यावयास सांगितले. त्याने पाचवी वही आणली. पहिल्याच पानावर एक म्हातारी जिनिंगच्या फाटकाशी उभी आहे आणि तिला सावली नाही. ती तिने कोणाला दिली, असे विचारता, अजून ठरलेले नाही, असे उत्तर मिळाले. पुढचे प्रकरण मी मागितले आहे.