पाठीवरचें बिऱ्हाड

परदेशप्रवासाविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गांत सध्यां दोन मतें प्रचलित आहेत आणि आमच्या अल्पमतीस तीं दोन्हीं सारखींच अनर्थकारक वाटतात. पहिलें मत वडीलधाऱ्यांचें : प्रवास करावा तो कंपनीबरोबर, पैसे भरावे, एकरंगी टोपी घ्यावी, आणि आठ दिवसांत सहा शहरें पाहून, रोज रात्रीं वरणभात जेवून सुखरूप परत यावें. दुसरें मत तरुणांचें : सॅक पाठीवर टाकावी व निघावें, बेत आखणें हें कारकुनी काम, त्यानें प्रवासाची गंमत जाते. वरवर पाहतां हीं मतें परस्परविरुद्ध दिसतात. परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच समजूत आहे. ती ही कीं, तयारी म्हणजे प्रवासाबाहेरची कटकट; एकानें ती पैसे देऊन दुसऱ्याच्या गळ्यांत बांधावी, दुसऱ्यानें ती मुळींच करूं नये. ह्या समजुतीशीं आमचें भांडण आहे.

हें भांडण पुस्तकी नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही चौघे स्नेही नेपाळांत एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळाकडे पायीं निघालों. तळाची उंची ५,३६४ मीटर. सर्व व्यवस्था एका संस्थेकडे सोंपविली होती. तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कारण अपराधांत आमचा वांटा तिच्याहून लहान नव्हता. लुक्ल्यास विमानानें उतरावयाचें, ३,४४० मीटरांवरील नामचे बाजारांत एक दिवस विसावा घ्यावयाचा, आणि पुढें डिंगबोचे येथें ४,४१० मीटरांवर दुसरा, अशी जाणत्यांची रीत. आमच्या पत्रकांत हा दुसरा विसावा वगळला होता. रजेचा एक दिवस वांचतो म्हणून आम्हांस ती काटकसर हुशारीची वाटली. ३,००० मीटरांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसांत सुमारें ५०० मीटरांहून अधिक वाढवूं नये व दर तीन-चार दिवसांनीं एक दिवस तेथेंच काढावा, हा नियम कोणत्याही साध्या मार्गदर्शक पुस्तकांत सांपडतो. आमच्यापैकीं एकानेंही तें उघडलें नव्हतें. चौघांच्या पदव्या एकत्र लिहिल्या तर अर्धें पान भरेल!

लोबुचे येथें, ४,९४० मीटरांवर, संध्याकाळीं आमचा एक स्नेही झिंगल्यासारखा चालूं लागला. डोकें दुपारपासून दुखत होतें, पण भिडेस्तव तो बोलला नव्हता. आम्हीं त्यास झोंपविण्याच्या खटपटीस लागलों. बरोबरच्या शेर्पा मुलानें मात्र त्यास जमिनीवरच्या एका रेषेवरून चालावयास सांगितलें, तें त्यास जमेना, आणि तो मुलगा एवढेंच म्हणाला, “आतांच खालीं.” उंचीमुळें मेंदूस सूज येऊं लागली म्हणजे पहिला उपाय खालीं उतरणें हाच, सकाळची वाट पाहावयाची नसते. डोक्याला दिवे बांधून आम्हीं त्यास रात्रींतून फेरिचे येथें आणलें. तेथें १९७३ पासून हंगामांत एक दवाखाना चालतो, हेंही आम्हांस ठाऊक नव्हतें. स्नेही वांचला. विम्याचा कागद आम्हीं प्रथम वाचला तो काठमांडूस परतल्यावर. अमुक उंचीच्या पुढें भरपाई नाहीं, असें त्यांत बारीक टायपांत छापलें होतें. संस्थेवर संतापण्याचा आमचा हक्क तेव्हांच संपला.

तेव्हां तयारी म्हणजे सामानाची यादी नव्हे. ज्या भूमीवर पाऊल ठेवावयाचें तिचे कायदे, तिची हवा, तिची उंची यांची आगाऊ ओळख म्हणजे तयारी, आणि ती दुसऱ्यानें करून दिल्यास आपल्या पदरांत कांहींच पडत नाहीं. युरोपांतील शेंगेन देशांचेंच पाहा. १८० दिवसांत तेथें ९० दिवसांहून अधिक राहतां येत नाहीं. व्हिसाचा अर्ज निघण्यापूर्वीं सहा महिन्यांच्या आंत व निदान १५ दिवस आधीं करावा लागतो. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आणि अर्ज करावयाचा तो ज्या देशांत अधिक दिवस राहावयाचें त्याच्याकडे. म्हणजे अर्ज भरण्यापूर्वींच कोठें किती राहावयाचें व तें कां, याचा विचार करणें भाग पडतें. लोक यास जाच म्हणतात. आम्हांस तर हा प्रवासाचा पहिला मुक्काम वाटतो. नकाशा पसरून, “व्हिएन्ना कीं प्राग?” असा वाद ज्या घरांत आठ दिवस चालला, त्या घरानें इतिहासाचे दोन तरी ग्रंथ खालीं काढले असतील.

आणि आमचे ते फराळाचे डबे! संयुक्त अरब अमिरातींत खसखशीस बंदी आहे, हें आमच्या किती गृहिणींस माहीत आहे? लेकासाठीं नेलेले अनारसे तिकडच्या कायद्यापुढें निरुपद्रवी राहत नाहींत. ऑस्ट्रेलियांत उतरतांना जवळचे खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. लपविल्यास दंड होतो, मग ते आजीच्या हातचे असोत. “आम्हांस कोणीं सांगितलें नाहीं” हें उत्तर तेथें चालत नाहीं, आणि चालूंही नये.

तरुणांस आमचें थोडेंच सांगणें आहे, कारण त्यांची चूक उमदी आहे. ज्यानें बेत आखला आहे त्यासच तो मोडण्याचा अधिकार व सवड मिळते. परतीचें तिकीट, राखून ठेवलेले पैसे आणि चार रिकामे दिवस ज्याच्या गांठीं आहेत, तोच अनोळखी गांवीं मन रमलें म्हणून थांबूं शकतो. दहा किलोंच्या आंत सॅक बसविणें हीही एक विद्याच आहे. घरांतून निघण्यापूर्वीं ती भरून एखादा गड चढून यावें, म्हणजे निम्में सामान आपोआप कपाटांत परत जातें.

“आपल्या लोकांची ही रीत नव्हे,” असा एक आक्षेप आम्हीं वारंवार ऐकला आहे. वरसईचे गोडसे भटजी १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे पायीं निघाले, बंडाच्या वणव्यांत सांपडले, लुटले गेले, आणि तरीही गंगेची कावड घेऊन घरीं आले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ सालीं छापला गेला व आम्ही तो मोठ्या अभिमानानें कपाटांत ठेवतों. कोणत्या कंपनीनें त्यांस टोपी दिली होती?

दुसरा आक्षेप हलक्या आवाजांत येतो, आणि खरा तोच आहे. मुलगा गेला तर जावो, मुलीनें एकटीनें सॅक घेऊन दोन महिने परदेशांत हिंडावयाचें म्हणजे काय? यास उत्तर १८८३ सालींच मिळालें आहे. आनंदीबाई जोशींनीं त्या वर्षीं बंगालमधील श्रीरामपूर येथें, आपण अमेरिकेस कां जातों, हें भरसभेंत सांगितलें, एकेक शंका घेऊन तिचें निरसन केलें, आणि नवऱ्यावांचून बोटीवर पाऊल ठेवलें. भीति खरी असते, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु बापाच्या मनांतली भीति मुलीच्या वहींतल्या नोंदींशीं एकदां ताडून पाहावी, एवढें तरी न्यायास धरून आहे. न पाहतांच “नाहीं” म्हणणें हा निव्वळ आळस आहे, आणि काळजीचें नांव दिल्यानें तो काळजी होत नाहीं.

आमच्या भाचीची अशी एक वही सध्यां आमच्या टेबलावर आहे. ती यंदा ऑक्टोबरांत त्याच वाटेनें जाणार आहे. वकिलातीचा दूरध्वनि, औषधांचीं मूळ नांवें, रोज कोणत्या वेळीं घरीं निरोप धाडावयाचा व न आल्यास किती वेळ वाट पाहावयाची, हें सर्व तींत आहे. डिंगबोचेच्या पुढें तिनें तांबड्या शाईनें “दोन रात्री” असें लिहून खालीं दोनदां रेघ ओढली आहे. तिच्या वडिलांनीं वही पुरती वाचली, चष्मा पुसला, आणि तिकडे मुगाची खिचडी मिळते काय, असें विचारलें.