चिकटवा, बघा, काढा!

इंजिनिअरिंगमधला सगळ्यात मोठा शोध कुठला, असं मला कुणी विचारलं तर मी चाक म्हणणार नाही, वाफेचं इंजिनही म्हणणार नाही. मी म्हणेन, 'काढता येणारी वस्तू'. हसू नका. भोक पाडलं की पाडलं, वेल्डिंग केलं की केलं. पण जी वस्तू लावून बघता येते आणि नाही जमलं तर काढून ठेवता येते, तिच्यामुळे माणसाला चुका करायची परवानगी मिळते. आणि ही परवानगीच आपल्या कॉलेजात दुर्मिळ झाली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे मत एका अजब वस्तूमुळे बनलं. यंदा प्रोजेक्टचा टॉपिक शोधता शोधता मी अमेरिकेतल्या 'वेकसर्फिंग' नावाच्या खेळापाशी जाऊन पोचलो. आमच्या विंगमध्ये बोट सोडा, धड चालणारी सायकलसुद्धा एकाकडेच आहे. तरीही महिनाभर मी आणि माझा रूम पार्टनर याच विषयावर भांडत होतो. मेसमध्ये जेवताना डाळीच्या वाटीत चमचा फिरवून लाटा पाहणारे दोघं तुम्हाला दिसले असतील, तर ते आम्हीच.

आता खेळ समजून घ्या. समुद्रात सर्फिंग करायचं तर लाटेची वाट पाहावी लागते. तिकडे तळ्यांवर लाट कुठून येणार? मग बोटच लाट तयार करते. बोट ताशी १६ ते १९ किलोमीटर अशा संथ वेगाने जाते आणि तिच्यामागे उठणाऱ्या लाटेवर माणूस फळी घेऊन उभा राहतो. उठताना दोरी धरायची, तोल सावरला की दोरी बोटीत फेकून द्यायची. पुढे त्याला लाटच ढकलत नेते. बोट त्याला ओढत नाही, यातच सगळी गंमत आहे.

अडचण अशी की साध्या बोटीमागची लाट बसकी आणि फेसाळ असते. बोट पाणी बाजूला सारत जाते, तिच्या मागे खड्डा पडतो आणि तो भरायला दोन्ही बाजूंचं पाणी धावत येतं. दोघांची मध्ये टक्कर होते आणि दोन्हीकडच्या लाटा अर्धवट राहतात. जुना उपाय म्हणजे बोटीत एका बाजूला पाण्याच्या मोठाल्या पिशव्या भरायच्या आणि बोट त्या अंगाला कलती ठेवायची. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की बोट वाकडी करण्यापेक्षा पाणीच वाकडं करू. बोटीच्या एका कुशीला, अगदी मागच्या टोकाशी, पाण्याखाली एक फळी तिरकी बाहेर काढायची. त्या बाजूचं पाणी बाहेर वळतं आणि खड्ड्यात उशिरा पोचतं. टक्करीची जागा मागे सरकते आणि समोरच्या बाजूची लाट लांब, स्वच्छ, उंच होते. फळी डावीकडे लावायची, लाट उजवीकडे सुधारते. डावा कान पिळला की उजवा हलावा, तसला हा प्रकार!

मालिबू या अमेरिकन बोट कंपनीने २०१२ साली 'सर्फ गेट' नावाने अशी बटणावर उघडमीट होणारी झडप बाजारात आणली. २०१३ मध्ये तिने पेटंटवरून नॉटिक या कंपनीला कोर्टात खेचलं आणि २०१५ मध्ये तडजोड झाली. बघा, एका तिरक्या फळीसाठी कोर्टकचेरी! अशा झडपा असलेल्या नव्या बोटींची किंमत एक लाख डॉलरच्या सहज पुढे जाते. ज्यांच्याकडे जुनी बोट होती, त्यांनी वेगळी वाट धरली. काच बसवणारे कारागीर मोठी काच उचलायला खटक्याचे सक्शन कप वापरतात ना, तसे दोन-तीन कप घ्यायचे. त्यावर मरीन प्लायची किंवा भाजी चिरायच्या जाड प्लॅस्टिक पाटाची फळी तिरकी बसवायची आणि ती बोटीला चिकटवायची. बोटीला एक ओरखडा नाही. खेळ संपला की खटका उघडा, फळी काढा, घरी न्या. पुढे कंपन्याही असल्या चिकटवायच्या फळ्या विकू लागल्या, पण घरी बनवणारे काही थांबले नाहीत.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, "हा तर निव्वळ जुगाड!" थांबा. जरा गणित करू.

ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. बोटीच्या वेगानेच तिच्यामागून येणाऱ्या लाटेची लांबी खोल पाण्यात किती असेल? सूत्रात आकडे घातले की उत्तर येतं सुमारे १६ मीटर. ही लांबी वेग ठरवतो. कुठलीही फळी ती बदलू शकत नाही. फळीच्या हातात फक्त बोटीलगतच्या लाटेचा आकार आहे. म्हणजे आधी बोटीचा वेग आणि वजन नीट ठरवा, मग फळीला हात लावा. केवढा मोठा धडा आहे हा! आपण मात्र प्रोजेक्ट करताना उलटं करतो. आधी सेन्सर विकत आणतो, मग तो कशाला लागेल याचा विचार करतो.

आता जोर. ५ मीटरच्या वेगाने येणारं पाणी फळीने अडवलं तर दाब होतो सुमारे १२,५०० पास्कल. फळी ४० बाय २० सेंटिमीटरची धरली तर १,००० न्यूटन, म्हणजे फळीवर साधारण १०० किलोचा भार. फळी तिरकी असल्याने प्रत्यक्षात तो कमी पडेल, पण डिझाइनला १०० धरा. दुसरीकडे १५ सेंटिमीटर व्यासाचा एक कप, पूर्ण निर्वात झाला तर, कागदावर १८० किलो धरतो. दोन कप म्हणजे ३६०. फॅक्टर ऑफ सेफ्टी साडेतीनच्या वर. जर्नल भरून सर सही करतील असं उत्तर!

पण हे उत्तर फसवं आहे. आम्ही काचवाल्याकडून एक कप मागून आणला आणि हॉस्टेलच्या बाथरूमच्या टाइलवर चिकटवला. सरळ ओढला तर दोघांनी लटकूनही हलेना. मग टाइल साबणाच्या पाण्याने ओली केली, कप पुन्हा चिकटवला आणि बाजूला ढकलला. हळूहळू सरकत गेला की! आणि रबराच्या कडेखाली नख घातलं तेव्हा फट्कन सुटला. बोटीवरही हेच होणार. तिरक्या फळीला पाणी बोटीकडे दाबतं, ते बरंच आहे. पण ते तिला मागेही सरकवतं आणि पुढची कड उचलू पाहतं. बोटीच्या अंगावर शेवाळ असेल तर बोलायलाच नको. बोट मागे घेतली तर पाणी फळीच्या आतल्या बाजूने शिरून तिला उपटणार. आणि वेग दुप्पट केला तर जोर चौपट, १०० चे ४००. म्हणून परत निघताना फळी आधी काढायची आणि मगच बोट पळवायची. शिवाय फळीला दोरी बांधलेली हवी आणि ती सुटली तर तरंगायला हवी. नाहीतर सगळी मेहनत तळ्याच्या तळाशी.

तीन वर्षांत मी 'शिअर' हा शब्द किती वेळा लिहिला असेल देव जाणे. तो कळला मात्र त्या ओल्या टाइलवर. म्हणून म्हणतो, जुगाड आणि इंजिनिअरिंग यांत फरक सामानाचा नाही. दोघांचं सामान तेच. 'चाललं ना, मग झालं' म्हणतो तो जुगाड. 'का चाललं आणि कधी सुटेल' हे विचारतो तो इंजिनिअर.

आणि अजून एक प्रश्न असतो, तो तर सिलॅबसमध्येच नाही. 'चाललं, तर त्रास कुणाला होईल?'

चिकटवायची फळी कुठल्याही बोटीला चिकटते, हाच तिचा धोकासुद्धा आहे. वेकसर्फिंगच्या बोटीत पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या टोकाच्या बराच आत असतो. साध्या मोटरबोटीत तो मागे बाहेर असतो, नेमका तिथे जिथे सर्फ करणारा पडू शकतो. फळी लावून अशा बोटीलाही लाट काढता येईल, पण पंखा काही आत जाणार नाही. म्हणून तिच्यामागे हा खेळ खेळूच नये. दुसरा धोका धुराचा. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बोटीच्या मागेच साचतो. त्याला ना रंग ना वास. लेक पॉवेल या तलावावर हाउसबोटींच्या मागे यामुळे माणसं मेल्याची चौकशी २००० सालच्या सुमारास झाली. २००४ मध्ये कॅलिफोर्नियाने चालत्या बोटीच्या मागच्या पाटाला धरून पाण्यात लोंबकळण्यावर कायद्याने बंदी घातली.

तिसरा त्रास काठावरच्यांना. लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ऊर्जा चौपट होते. ती ऊर्जा जाऊन काठ खाते, धक्के हलवते, उथळ पाण्यात गाळ ढवळते. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०२२ मध्ये मोजमापं करून सांगितलं, की हा खेळ काठापासून निदान ५०० फूट लांब खेळावा. व्हर्माँट राज्याने २०२४ मध्ये नियमच केला, काठापासून ५०० फूट दूर आणि पाणी किमान २० फूट खोल. कुणी म्हणेल, हे नियम श्रीमंतांच्या मोठ्या बोटींसाठी आहेत, घरच्या फळीने काय होतंय? पण काठाला कळत नाही की लाट लाख डॉलरच्या बोटीची आहे की भाजीच्या पाटाची.

आता मुद्द्यावर येतो. आपल्याकडे फायनल इयरचे प्रोजेक्ट कसे होतात, हे कुणाला माहीत नाही? टॉपिक द्यायचा तर "हे बाजारात आधीच आहे, नवीन काय?" हा पहिला प्रश्न. मग पोरं घाबरतात आणि जड नावाचा टॉपिक शोधतात. तो करायची ताकद नसते, म्हणून चौघं मिळून पैसे काढतात आणि दुकानातून तयार मॉडेल, तयार रिपोर्ट उचलतात. व्हायवाला पाठांतर. सबमिशननंतर मॉडेल लॅबच्या माळ्यावर. सगळं काही 'नवीन', आणि शिकणं शून्य.

सरांचं म्हणणं मला अगदीच अमान्य नाही. घरगुती वस्तूंना मान्यता दिली तर पोरं पुठ्ठा आणि फेव्हिकॉल घेऊन येतील, ही भीती खरी आहे. आमच्यातले काही महाभाग नक्की आणतील! पण त्यावर उपाय टॉपिक नाकारण्याचा नाही, प्रश्न बदलण्याचा आहे. 'बाजारात आहे का?' याऐवजी तीन प्रश्न विचारा. काढली तर मूळ वस्तू जशीच्या तशी राहते का? सुटली तर कुठे जाईल? चालली तर कुणाला त्रास होईल? या तिघांची उत्तरं दुकानातून विकत मिळत नाहीत. ज्याने फळी स्वतः चिकटवून, सरकवून, दहा वेळा काढून पाहिली आहे, त्यालाच ती देता येतील. मार्कही चकचकीत मॉडेलला नकोत, फसलेल्या प्रयोगांच्या वहीला द्या. किती अंशाचा कोन घेतला, काय झालं, मग काय बदललं, हे त्या वहीत तारखेसकट हवं.

आणि पोरांनो, तुम्हालाही सांगायचंय. बोट नसेल तर नसू दे. वर्कशॉपच्या मागची पाण्याची टाकी आहे. फ्लुइड लॅबमध्ये पाणी वाहायचा चॅनल आहे, तो वर्षातून एका प्रॅक्टिकलपुरता चालतो. थर्मोकोलची हातभर बोट करा, तिला पत्र्याची फळी लावा, चॅनल सुरू करा आणि लाट कुठे सरकते ते बघा. लॅब असिस्टंट काकांना आधी विचारा, चहा पाजा. ते आपल्यापेक्षा जास्त जाणतात, असा माझा अनुभव आहे.

आम्ही दोघांनी हा टॉपिक डिपार्टमेंटला दिला आहे. हा अंक छापायला जाईपर्यंत सही झालेली नाही. होईल किंवा होणार नाही. कप मात्र काचवाल्याला परत केलेला नाही अजून. ज्यांना ओढून, सरकवून बघायचंय, त्यांनी आमच्या विंगच्या बाथरूममध्ये यावं. साबण आपापला आणावा.