लेखणीचे स्वातंत्र्य आणि खात्यातील शिल्लक

मराठी वाचकाच्या मनात झाशीचे नाव राणी लक्ष्मीबाईंशी जसे निगडित आहे, तसेच ते वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्याशीही आहे. घरच्या कर्जाच्या विवंचनेने १८५७ साली उत्तरेची वाट धरलेल्या या भिक्षुकाने झाशीचा वेढा प्रत्यक्ष पाहिला. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथात तो नोंदला गेला. दक्षिणा कोठे व किती मिळेल याची शाश्वती नसताना विष्णुभटांनी हा प्रवास केला. अशा अनिश्चित प्राप्तीवर चरितार्थ चालविणारा सुशिक्षितांचा एक वर्ग आज पुन्हा उदयाला आला आहे. स्वतंत्रपणे काम करणारा वैद्यकीय लेखक हा त्यांपैकीच एक.

झाशीत १९६८ पासून महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय आहे, बुंदेलखंड विद्यापीठही आहे. अशा शहरातील औषधनिर्माणशास्त्राच्या किंवा जीवशास्त्राच्या पदवीधराला मुंबई वा हैदराबाद न गाठता, घरी बसून हा व्यवसाय करता येतो. नव्या औषधाच्या चाचणीचा आराखडा, तिचा अहवाल, संशोधनपर निबंध, रुग्णांसाठी माहितीपत्रक असे त्याच्या कामाचे स्वरूप असते. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीत सहभागी होणाऱ्या व्यक्तीला तिला समजेल अशा भाषेत माहिती देऊनच संमती घ्यावी लागते. ही भाषा घडविण्याची जबाबदारी पुष्कळदा या लेखकावरच येते. मायक्रोग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम पडले, तर मात्रा हजारपट होते. यावरून त्या जबाबदारीची कल्पना यावी.

तथापि, हातून होणाऱ्या चुकीपेक्षा मोहाचे संकट मोठे आहे. मधुमेह समूळ बरा करण्याचा दावा करणारी जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपचार यांविषयीच्या कायद्याने निषिद्ध आहे. तरीही तशा मजकुराची मागणी थांबलेली नाही. परदेशातही चित्र सर्वस्वी निराळे नाही. हृदयविकाराचा धोका वाढत असल्याचे दिसून आल्यावर मर्क कंपनीने रोफेकॉक्सिब हे वेदनाशामक २००४ साली बाजारातून मागे घेतले. त्याच औषधावरील काही निबंध इतरांनी लिहून त्यांवर विद्यापीठीय तज्ज्ञांची नावे घातली गेल्याचे, न्यायालयीन दाव्यांतील कागदपत्रांच्या आधारे २००८ साली दाखवून देण्यात आले. लेखनसाहाय्य घेण्यात गैर काही नाही, मात्र त्याचा उल्लेख निबंधात व्हावा, असा वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांचा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

मोहाच्या अशा क्षणी ‘हे मी लिहिणार नाही’ असे कोण म्हणू शकेल? घरभाडे थकले आहे, मुलांची फी भरायची आहे आणि हातात दुसरे काम नाही, अशा लेखकाकडून केवळ तत्त्वनिष्ठेच्या बळावर नकाराची अपेक्षा करणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे होय. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम गाठीशी असेल, तर तोच लेखक निर्धास्तपणे नकार देऊ शकतो. म्हणूनच या व्यवसायात बचत हा लेखकाच्या सचोटीचा आणि पर्यायाने रुग्णाच्या सुरक्षिततेचा आधार ठरतो.

त्यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. कामापूर्वी लेखी करार करावा, प्रत्येक कामाचे बिल द्यावे, व्यवसायासाठी स्वतंत्र खाते ठेवावे. विदेशातून येणारे मानधन बँकेमार्फतच स्वीकारून त्याची कागदपत्रे जपावीत. दरवर्षी प्राप्तिकराचे विवरणपत्र भरावे. भविष्य निर्वाह निधीत भर घालणारा मालक नसल्याने सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीसारख्या योजनेत स्वतःच नियमाने रक्कम टाकावी.

बँकांनीही आपली दृष्टी थोडी विस्तारली पाहिजे. पगारपत्रक नाही, एवढ्यावरून अशा ग्राहकाला कर्जासाठी अपात्र समजणे उचित नव्हे. एखाद्या महिन्यात खाते कोरडे दिसले, तरी दोन-तीन वर्षांच्या उलाढालीतून आणि विवरणपत्रांतून त्याची खरी ऐपत कळते. चढउतार हा त्या व्यवसायाचा धर्मच आहे; तो समजून घेऊन हप्त्यांची आखणी करता येते.

विष्णुभटांच्या काळी गाठीची कमाई वाटेत लुटली जाण्याचे भय होते. आज पैसा सुरक्षित ठेवण्याची सोय गावोगावी आहे. तिचा लाभ घेऊन लेखकाने आपली लेखणी कोणाच्याही दावणीला बांधली जाणार नाही, एवढे पाहावे. औषधाच्या वेष्टनातील कागद विश्वासाने वाचणाऱ्या रुग्णाचे हित त्यातच आहे.